काळी फीत लागलीच नाही, तरी शिक्षा झाली : एका पोलीस नाईकाचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. नाव, जिल्हा, पोलीस ठाणं सगळं काढून टाकलंय, तारखा मात्र तशाच ठेवल्यात कारण या प्रकरणात तारखांनीच सगळं केलं. मी त्यात विभागीय चौकशीतला 'मित्र' होतो, म्हणजे कसुरदाराच्या, ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या, बाजूनं बसणारा. सहायक फौजदार म्हणून मार्च २०२० मध्ये रिटायर झालो. माझ्याही चुका यात आहेत, त्या झाकणार नाही.

पार्श्वभूमी

मुलगा २००६ च्या भरतीचा. (मुलगा म्हणतोय, पण २०१८ मध्येच छत्तीसचा होता आणि त्याला दोन लेकरं.) पोलीस नाईक होता, शिपाई आणि हवालदाराच्या मधलं हे पद तेव्हा होतं, नंतर ते रद्द झालं. तालुक्याच्या ठाण्यात नेमणूक, रेकॉर्ड चांगलं, बक्षिसं वीस-बावीस, कसुरी एकच आणि तीही परेडला उशीर झाल्याची.

२०१८ ला गणपती १३ सप्टेंबरला बसले, २३ ला अनंत चतुर्दशी, मधेच २१ ला मोहरम. साप्ताहिक सुट्ट्या बंद, रजा बंद. त्याची आई दवाखान्यात होती, त्यानं दोन दिवसांची किरकोळ रजा मागितली, ठाण्यात तोंडीच 'विसर्जनानंतर बघू' असं सांगितलं गेलं. अर्ज लेखी दिलाच नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

२४ सप्टेंबरच्या रात्री, सलग बंदोबस्त करून घरी आल्यावर, त्यानं बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. सव्वाशे-दीडशे जण असतील ग्रुपवर. मेसेजातला नव्वद टक्के भाग म्हणजे आपली रोजची रड, बारा तास, चौदा तास, जेवणाचा डबा गाडीतच नासतो, पोरगी विचारते बाबा कोण आहेत. यावर कुणी काही केलं नसतं. पण शेवटी दोन ओळी होत्या, की २ ऑक्टोबरला आपण सगळ्यांनी ड्युटीवर काळी फीत लावूया, बघू मग सुट्टी कशी देत नाहीत.

२६ तारखेला एका स्थानिक पेपरात बातमी आली, 'पोलिसांमध्ये असंतोष, काळ्या फिती लावणार', आणि खाली मेसेज जसाच्या तसा, त्याच्या आडनावासकट. कुणी दिला ते आजही कळलं नाही. २७ ला निलंबन.

एवढा धक्का का बसला वरच्यांना

बाहेरच्या माणसाला वाटेल एक कापडाची पट्टी, त्यात काय एवढं. पण आमच्या खात्याला 'काळी फीत' या शब्दाची एक आठवण आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांनी १५ ऑगस्टला काळ्या फिती लावल्या, दोन-तीन दिवसांत पुढाऱ्यांची धरपकड झाली, संप पेटला, शहरात जाळपोळ झाली, लष्कर आणि निमलष्करी दलं बोलवावी लागली. गिरणी संप जानेवारीपासून चालूच होता, त्यामुळं शहर आधीच तापलेलं. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. मग पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली आणि बऱ्याच जणांना चौकशीशिवाय बडतर्फ केलं, घटनेच्या ३११ कलमात तशी सोय आहे, चौकशी करणं व्यवहार्य नाही असं लिहून ठेवलं की झालं. माझी भरती १९८३ ची. ट्रेनिंगला आम्हाला उस्ताद सांगायचे, संघटना हा शब्द उच्चारू नका रे, नोकरी कुणामुळं रिकामी झाली ते विसरू नका.

आणि याच्या मागं जुना कायदा आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६० ला पोलीस कमिशन नेमलं आणि १८६१ चा पोलीस कायदा केला, नमुना आयर्लंडच्या पोलिसांचा, म्हणजे लोकांना धाकात ठेवणाऱ्या दलाचा. त्यात एक कलम आहे की पोलीस नेहमीच ड्युटीवर आहे असं समजायचं. साध्या शिपायाला एक महिन्याच्या पगारापर्यंत दंड, पंधरा दिवस क्वार्टरमध्ये कोंडून शिक्षेची कवायत, हे साहेबाच्या हातात. दोन महिन्यांची नोटीस दिल्याशिवाय किंवा परवानगीशिवाय राजीनामाही देता येत नाही. आपल्या मुंबई इलाख्यात वेगळे कायदे होते, जिल्ह्यांसाठी १८९० चा, मुंबई शहरासाठी १९०२ चा. स्वातंत्र्यानंतर दोन्ही मोडून १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आला, आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. पण 'नेहमी ड्युटीवर' ते तसंच राहिलं, कलम २८. इंग्रज गेले, कलम राहिलं. कलम २५ शिक्षेचं, २६ शिक्षा देण्याच्या पद्धतीचं, २७ अपिलाचं, आणि खाली १९५६ चे शिक्षा व अपील नियम. कुठल्याही जिल्ह्याच्या आस्थापना शाखेत गेलात तर टेबलावर हीच पुस्तकं.

संघटनेचं वेगळं. १९६२ ला सुप्रीम कोर्टानं दोन निकालांत सरकारी नोकरांच्या निदर्शनांवरची आणि संघटनेवरची सरसकट बंदी मोडली. मग १९६६ ला संसदेनं पोलीस दलांसाठी स्वतंत्र कायदा केला, घटनेच्या ३३ कलमाचा आधार घेऊन. परवानगीशिवाय युनियनमध्ये जायचं नाही, परवानगीशिवाय प्रेसशी बोलायचं नाही, काही छापायचं नाही. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दिल्ली पोलिसांच्या संघटनेनं हे सुप्रीम कोर्टात नेलं होतं, १९८६ मध्ये कोर्टानं कायदा वैध ठरवला. पण एक बारीक गोष्ट, जी आमच्यातल्या नव्वद टक्के लोकांना माहीत नसते, कायद्यात 'परवानगीशिवाय' असं आहे, 'कधीच नाही' असं नाही. केरळात पोलिसांची असोसिएशन आजही आहे आणि कुणी त्यांना जेलात टाकलेलं नाही. आणि एकट्या माणसानं आपल्या साहेबाला लेखी अर्ज करणं, याला तर कुठंच बंदी नाही.

अडचण नेमकी काय होती

आमच्यासमोर तीन प्रश्न होते आणि तिन्ही एकमेकांत अडकलेले. एक, ग्रुपवरचा मेसेज म्हणजे 'प्रसिद्ध करणं' होतं का? दुसरा, प्रेसला त्यानं दिलं नव्हतं, पण छापून तर आलं, मग जबाबदार कोण? तिसरा, फीत कुणीच लावली नाही, २ ऑक्टोबर शांततेत गेला, तर मग चिथावणी म्हणायचं का?

साहेबांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. दोन दिवसांत काय होईल माहीत नाही, पेपरात आलेलं, वरून फोन. एस.पी. साहेबांनी १९६६ च्या कायद्याखाली गुन्हा दाखल केला नाही, हा त्यांचा मोठेपणाच म्हणतो मी, कारण गुन्हा झाला असता तर प्रकरण खात्याबाहेर गेलं असतं आणि या पोराची दहा वर्षं कोर्टात गेली असती.

कोणते रस्ते होते

निलंबनाच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या घरी आला. बायको बरोबर. ती त्याच्यापेक्षा जास्त चिडलेली.

"काका, हे नाही बोलू शकत ना, मग मी बोलते. मी पोलीस नाही. उद्या क्वार्टरमधल्या सगळ्या बायकांना घेऊन कलेक्टर कचेरीवर बसते."

आता हे ऐकायला बरं वाटतं आणि कायद्यानं बघितलं तर तिच्यावर १९६६ चा कायदा लागूच होत नाही. बायकांचे असे मोर्चे झालेलेही आहेत. पण मी नको म्हटलं. कारण चौकशीत पहिला प्रश्न हाच आला असता, बायकोला कुणी पाठवलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच एस.पी. आहे. पण थांबली.

दुसरा रस्ता आमदारांचं पत्र. हा आमच्याकडं सगळ्यात चालतो आणि सगळ्यात फसवा आहे. १९७९ च्या वर्तणूक नियमांत राजकीय दबाव आणणं हीच वेगळी कसूर आहे. एका शिक्षेतून सुटायला दुसरीत पाय घालायचा.

तिसरा, लगेच मॅटमध्ये जायचं. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, मुंबई, नागपूर, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर). १९९७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर थेट हायकोर्टात जाता येत नाही, आधी मॅट. पण मॅटलाही कायदा सांगतो की खात्यातले उपाय आधी संपवून या. आणि वकिलाची फी, निलंबनात पगार अर्धा.

चौथा, चूक मान्य करून माफी मागायची आणि लवकर परत यायचं.

पाचवा, गप्प बसून कागद लढवायचा.

आम्ही चौथा आणि पाचवा एकत्र केला आणि तिथंच पहिली चूक झाली.

काय केलं, आणि कुठं घसरलो

प्राथमिक चौकशी एसडीपीओ, म्हणजे उपविभागीय पोलीस अधिकारी साहेबांकडं. माझा सल्ला असा होता की मेसेज मीच टाकला असं सरळ मान्य कर, भावनेच्या भरात झालं असं लिही, आईचं आजारपण लिही, साहेब माणूस आहेत. त्यानं तसंच लिहिलं. 'होय, सदर मेसेज मीच पाठवला आहे, त्याबद्दल दिलगीर आहे.' त्या एका ओळीवर पुढं सगळी इमारत उभी राहिली. खात्याकडं मूळ मोबाईल नव्हता, फक्त स्क्रीनशॉट होता, तो कुणी काढला माहीत नाही, फॉरवर्ड करणारा कधी समोर आला नाही. म्हणजे कबुली नसती तर त्यांना सिद्ध करायला घाम फुटला असता. मी खोटं बोल म्हणत नाही, तसं सांगायची माझी पद्धत नाही. पण प्राथमिक चौकशीत 'मला कागदपत्रं द्या, मग लेखी खुलासा देतो' एवढं म्हणायचा हक्क होता, तो मी चाळीस वर्षं खात्यात काढूनही (बरं, सदतीस) वापरायला सांगितला नाही. माफीनं साहेब विरघळतात हा माझा जुना समज होता.

निलंबनात मुख्यालयात रोज हजेरी, सकाळ-संध्याकाळ. निर्वाह भत्ता, त्यासाठी दर महिन्याला 'मी दुसरीकडं कुठंही नोकरी करत नाही' असा दाखला द्यायचा, तो राहिला की भत्ता अडकतो. दोनदा अडकला. गृहकर्जाचा हप्ता बायकोच्या भावानं भरला.

आता तारखा बघा. सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितलंय की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढं चालू ठेवू नये. राज्य सरकारनं त्याप्रमाणे जीआर काढला तो जुलै २०१९ ला, म्हणजे आमच्यानंतर, पण निकाल तर होताच. निलंबन २७ सप्टेंबरचं, तीन महिने २७ डिसेंबरला भरले. दोषारोपपत्र हातात पडलं ८ जानेवारी २०१९ ला. मधले बारा दिवस मोकळे होते. त्या बारा दिवसांत एक अर्ज, 'तीन महिने झाले, दोषारोप नाही, मला पुनर्स्थापित करा', आवक शिक्क्यासह टाकला असता तर पुढं फार कामाला आला असता. आम्ही टाकला नाही. का? कारण एका लिपिकानं सांगितलं, साहेब नवीन वर्षात घेणारच आहेत, उगाच चिडवू नका. आणि आम्ही ऐकलं.

शेवटी परत घेतलं ते २२ मार्चला. कायद्यामुळं नव्हे, १० मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर झाली आणि बंदोबस्ताला माणसं कमी पडली म्हणून. १७६ दिवस निलंबन. सुट्टी मागितली म्हणून ज्याला घरी बसवलं त्याला माणसं कमी म्हणून बोलावलं, याच्यावर आम्ही मुख्यालयाच्या कॅन्टीनमध्ये बरंच हसलो.

विभागीय चौकशीत दोषारोप तीन. चिथावणी, परवानगीशिवाय प्रेसला माहिती, आणि खात्याची प्रतिमा मलिन करणं. साक्षीदार चार. पत्रकार आलाच नाही. बॅचमेट आला आणि 'मला आठवत नाही' एवढंच बोलला, त्यालाही पोरंबाळं आहेत. प्रेसचा दोषारोप सिद्ध झाला नाही, बाकी दोन सिद्ध, आधार तीच कबुली.

उलटतपासणीत मी एक प्रश्न मुद्दाम विचारला, २ ऑक्टोबरला जिल्ह्यात कुणी फीत लावली होती का? उत्तर 'नाही'. हे रेकॉर्डवर आलं आणि शिक्षा कमी व्हायला पुढं उपयोगी पडलं. पण आईच्या रजेचा मुद्दा आला तेव्हा सादरकर्ता अधिकारी, म्हणजे खात्याची बाजू मांडणारे, म्हणाले, रजेचा अर्ज दाखवा. अर्ज नव्हता. तोंडी मागितलेली रजा चौकशीत मागितलेली नसतेच.

आणि मग आली अंतिम कारणे दाखवा नोटीस. त्यात लिहिलं होतं, चौकशी अहवालावरून दोष सिद्ध झाले आहेत, दोन वेतनवाढी कायमस्वरूपी का रोखू नयेत. अहवालाची प्रत जोडलेली नव्हती. इथं मात्र मी चुकलो नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीनं शिक्षेबद्दल दुसऱ्यांदा म्हणणं मांडायची संधी काढून टाकली, हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळं अनेक कार्यालयांना वाटतं की आता अहवालही द्यायची गरज नाही. पण १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी करुणाकर प्रकरणात सांगितलंय की चौकशी अधिकारी वेगळा असेल तर त्याचा अहवाल शिक्षेआधी कर्मचाऱ्याला मिळालाच पाहिजे. त्याचबरोबर कोर्टानं असंही म्हटलंय की न मिळाल्यानं नुकसान झालं का ते बघायचं. म्हणजे नुसतं 'दिला नाही' म्हणून भागत नाही, 'मागितला होता, दिला नाही, म्हणून हे-हे मांडता आलं नाही' असं दाखवावं लागतं.

तो म्हणाला, "काका, मागायला जाऊ का साहेबांकडं?"

"जाऊ नको. लिही. आणि दोन प्रती काढ."

अर्ज दिला, आवक शिक्का घेतला, तारीख, सही. उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी नोटिशीला उत्तर दिलं, त्यातही लिहिलं की अहवाल मिळालेला नाही, सबब सविस्तर म्हणणं मांडता येत नाही. नोव्हेंबर २०१९ ला शिक्षेचा आदेश आला, दोन वेतनवाढी कायमस्वरूपी, आणि निलंबन काळ हा निलंबन काळच धरावा, म्हणजे ड्युटी म्हणून मोजायचा नाही.

निकाल

कलम २७ खाली परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडं अपील. मग कोरोना आला, आणि तो पोरगा नाकाबंदीला उभा, अपील कपाटात. २०२१ मध्ये सुनावणी झाली. तोपर्यंत मी रिटायर झालेलो, पण अपिलाचा मसुदा माझाच होता. त्यात मी 'अन्याय' हा शब्द एकदाही वापरला नाही, फक्त तारखा, शिक्क्याची प्रत, आणि फीत लागली नाही ही साक्ष.

अपिलात साहेबांनी अहवाल न दिल्याचा मुद्दा मान्य केला. फेरचौकशीला पाठवता आलं असतं, पण तीन वर्षं उलटली, मेसेज तर मान्य आहे, म्हणून शिक्षाच बदलली, एक वेतनवाढ एका वर्षासाठी, पुढील वेतनवाढींवर परिणाम नाही. निलंबन काळाबद्दल आदेशात एक अक्षर नाही. म्हणजे ते जुनंच कायम.

आता निर्णय होता, मॅटमध्ये जायचं का. त्याला प्रमोशनची यादी दिसत होती, बायको म्हणाली बास झालं, आणि मीही म्हटलं बास. शिक्षा सौम्य झाली होती, मनं थकली होती.

काय वेगळं करता आलं असतं

प्राथमिक चौकशीतली कबुली आणि ते बारा दिवस वर सांगितलेच. रजेचा अर्ज लेखी असता तर कदाचित मेसेजच लिहिला गेला नसता, किंवा लिहिला तरी त्याच्या हातात काहीतरी असतं.

पण मला जास्त खटकतं ते दुसरंच. याच्या दोनच वर्षं आधी, २०१६ मध्ये, मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली होती. ती कुठल्या मोर्चानं नाही आली. एका पोलीस शिपायानं आपल्याच ठाण्याची माणसं आणि पाळ्या मांडून गणित केलं आणि ते आयुक्त दत्ता पडसलगीकरांसमोर ठेवलं. पुढं मुंबईतल्या इतर ठाण्यांतही ती गेली. आमच्या पोराच्या मेसेजमध्ये तासांचा हिशोब होता, चांगला होता, मी वाचलाय. शेवटच्या दोन ओळी काढून, वर 'मा. पोलीस अधीक्षक साहेब' लिहून, तो योग्य मार्गानं पाठवला असता तर त्याला हात लावता आला नसता. साहेबांनी ऐकलं असतंच असं नाही, छोट्या जिल्ह्यात देवनारचं गणित बसतंच असंही नाही, मनुष्यबळच तेवढं नसतं. पण निलंबन झालं नसतं.

खात्यानंही वेगळं करायला हवं होतं. मेसेज पेपरात येण्याआधी तो ग्रुपवर दीड दिवस होता, ग्रुपवर ठाण्यातलेच लोक होते. ओ.आर. ला, म्हणजे ऑर्डरली रूममध्ये साहेबांसमोर, बोलावून दहा मिनिटं ऐकून घेतलं असतं तर संपलं असतं. ओ.आर. ची सोय त्यासाठीच असते, पण शिपाई तिथं जातो तो घाबरूनच, आणि साहेब ऐकतात ते घड्याळ बघत.

आणि मॅटचं. अपिलाच्या अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. शिक्षा कमी झाली या आनंदात निलंबन काळाचा मुद्दा तसाच राहिला. शिक्षा एवढी किरकोळ ठरल्यावर १७६ दिवस निलंबनच धरणं टिकलं असतं का, हा चांगला मुद्दा होता, थकबाकीही आली असती. २०२२ च्या शेवटी तो हवालदार झाल्यावर पेढे घेऊन आला तेव्हा मी सेवापुस्तक चाळलं, ती नोंद दिसली, आणि बोटांवर महिने मोजले. चौदा झाले होते.

"काका, आता नाही का काही करता येत?"

विलंब माफीचा अर्ज करता येतो, मी म्हटलं, पण कारण काय लिहायचं? त्यानं पेढ्याचा बॉक्स माझ्याकडं सरकवला आणि म्हणाला, राहू द्या.